सेकंदाला एक लाख सॅम्पल्स, एकही न गळता: पिको बोर्डावर एडीसी आणि डीएमए

एडीसी, म्हणजे पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा करून देणारा चिपचा भाग, वाचायचा पहिला प्रोग्रॅम सगळ्यांचा सारखाच असतो. लूपमध्ये एक वाचन घ्यायचं, सिरियलवर छापायचं, परत वाचन. पोटेन्शियोमीटर फिरवला की आकडा हलतो, सगळं छान वाटतं. त्याच प्रोग्रॅमला माइक जोडला की मात्र आलेखाची खिचडी होते. कारण निव्वळ हिशेबाचं आहे. ११५२०० बॉडवर (सिरियलचा वेग, सेकंदाला तेवढे बिट) एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. चार अंकी आकडा आणि ओळ संपवणारं एक अक्षर धरलं तर ४३० मायक्रोसेकंदांच्या वर वेळ गेला. सेकंदाला ५०,००० सॅम्पल्स हवी असतील तर दर २० मायक्रोसेकंदाला एक घ्यायला हवं. म्हणजे एक आकडा छापून होईपर्यंत २१ सॅम्पल्स हुकली.

छपाई काढून टाकली तरी दुखणं पूर्ण जात नाही. टायमरच्या इंटरप्टमधून (प्रोसेसरचं चालू काम थांबवून त्याला दुसरीकडे वळवणारा इशारा) वाचलं, तरी कधी दुसरा इंटरप्ट आडवा येतो, कधी यूएसबीचं काम निघतं, आणि सॅम्पल घ्यायचा क्षण थोडा मागेपुढे होतो. यालाच जिटर म्हणतात. तो किरकोळ वाटतो, पण १० किलोहर्ट्झच्या सिग्नलवर फक्त १ मायक्रोसेकंदाचा सरासरी जिटर असला तर सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर २४ डेसिबलवर येतं. १२ बिटांच्या एडीसीतून हाती येतात जेमतेम पावणेचार बिट. एवढं झाल्यावर एडीसी चांगला का वाईट, याला अर्थ उरत नाही.

डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, इथे उपयोगी पडतो. एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढून टाका: डीएमएमुळे एडीसीचा वेग वाढत नाही. एडीसी त्याच्याच क्लॉकवर, ठरल्या ठोक्याला रूपांतर करतो. तयार झालेला आकडा उचलून रॅममध्ये नेऊन ठेवायचं हमालीचं काम डीएमए करतो, प्रोसेसरला न विचारता. ठोका हार्डवेअरचा असल्यामुळे जिटर जातो आणि प्रोसेसर मोकळा राहतो. बदल्यात एक जबाबदारी तुमच्याकडे येते: मेमरीचा कोणता तुकडा या क्षणी डीएमएच्या ताब्यात आहे आणि कोणता तुमच्या, हे सतत माहीत असणं. डीएमएमधल्या बहुतेक चुका या ताब्याच्या घोळातून होतात.

बोर्ड कोणता

हा लेख रास्पबेरी पाय पिकोवर, म्हणजे आरपी२०४० चिपवर, बेतलेला आहे. तिचा एडीसी १२ बिटांचा, सेकंदाला जास्तीत जास्त ५ लाख सॅम्पल्स घेणारा. डीएमएचे १२ चॅनल आणि २६४ केबी रॅम. अर्डुइनो युनोवर हे करायला जाऊ नका. त्याच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये डीएमए हा प्रकारच नाही, आणि नेहमीच्या सेटिंगला एक वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ खातं. एसटीएम३२ वाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

सामान

तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत यातलं सगळं मिळतं. हेडर जोडलेला पिको, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, पाव वॉटचे १ किलोओहमचे आणि १० किलोओहमचे पाच-पाच रेझिस्टर, १० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलायटिक. सिरॅमिकवर ‘१०३’ छापलेलं बघून घ्या. १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, आणि दिसायला दोन्ही सारखेच. यूएसबी केबल डेटावाली आहे का, ते दुकानातच विचारा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डाचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि संध्याकाळ ड्रायव्हर शोधण्यात जाते.

पुढे फिल्टरला आणि कंपनाच्या सेन्सरला ऑपअ‍ॅम्प (सिग्नलला जोर देणारी छोटी चिप) लागेल. तो मागितला की बहुतेक ठिकाणी एलएम३५८ हातात पडतो. तो ३.३ व्होल्टवर चालवला तर त्याचं आउटपुट २ व्होल्टच्या आसपासच अडकतं आणि लाटेचा माथा कापला जातो. एमसीपी६००२ मागा. तो या व्होल्टेजला जवळजवळ शून्यापासून वरपर्यंत जातो.

पहिली जोडणी: बोर्डाचीच परीक्षा बोर्डाकडून

खरा सेन्सर लगेच जोडू नका. आधी असा सिग्नल द्या, ज्याची फ्रिक्वेन्सी तुम्हाला पक्की ठाऊक आहे. पिको तो स्वतःच देऊ शकतो. जीपीआयओ १५ (पिन २०) वर पीडब्ल्यूएमची (पिन ठरल्या वेगानं चालू-बंद करणारं हार्डवेअर) १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट काढायची. तिथून १ किलोओहमचा रेझिस्टर जीपीआयओ २६ ला (पिन ३१), आणि पिन ३१ पासून १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पिन ३३ ला. पिन ३३ ही अ‍ॅनालॉग ग्राउंड आहे. जवळ दिसेल ती दुसरी ग्राउंड न घेता हीच घ्या.

सिस्टिम क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ असेल तर पीडब्ल्यूएमचा भाजक १२५ आणि रॅप (मोजणी जिथून परत शून्यावर येते तो आकडा) ९९९ ठेवला की बरोबर १ किलोहर्ट्झ मिळतो. क्लॉक किती आहे ते गृहीत धरू नका, प्रोग्रॅममधून विचारून छापा.

या युक्तीची गंमत अशी की पीडब्ल्यूएम आणि एडीसी दोघांचे क्लॉक एकाच १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून निघतात. सेकंदाला १ लाख सॅम्पल्स घेतली तर एका लाटेत बरोबर १०० सॅम्पल्स बसतात. १००० सॅम्पल्सच्या बफरमध्ये (सॅम्पल्स साठवायच्या मेमरीच्या तुकड्यात) दहा पूर्ण लाटा. प्रत्येक बफर आधीच्यासारखाच दिसला पाहिजे. एक सॅम्पल जरी गळलं तरी लाट सरकते आणि चोरी पकडली जाते.

ठोका ठरवणं

एडीसीचा क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचा आहे आणि एका रूपांतराला ९६ ठोके लागतात, म्हणून कमाल वेग ५ लाख. कमी वेग हवा असेल तर भाजक द्यायचा. दोन सॅम्पल्समधलं अंतर भाजक अधिक एक इतके ठोके असतं. १ लाखासाठी ४८० ठोके हवेत, म्हणून भाजक ४७९. इथे ४८० लिहिणारे पुष्कळ. मग वेग ९९,७९२ होतो, आणि वरच्या परीक्षेत लाट दर बफरला सुमारे दोन सॅम्पल्सनी सरकते. ही सरक एकसारखी असते. सॅम्पल गळल्यावरची सरक मधूनच आणि झटक्यानं येते. हा फरक लक्षात ठेवला तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं.

भाजकात अपूर्णांक चालतो, पण शक्यतो टाळा. आवाजासाठी ४४,१०० चा मोह होतो. त्याला १०८८ आणि काही ठोके लागतात, मग हार्डवेअर कधी १०८८ कधी १०८९ असं करत सरासरी जमवतं. ४८,००० घ्या. बरोबर १००० ठोके, भाजक ९९९.

प्रोग्रॅम, क्रमानं

पिकोच्या सी एसडीकेमधल्या (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा तयार संच) फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती छोट्या रोमन अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

१. ‘एडीसी इनिट’, मग ‘एडीसी जीपीआयओ इनिट’ ला २६, मग ‘एडीसी सिलेक्ट इनपुट’ ला ०. पिनचा नंबर २६ पण इनपुटचा नंबर ०. ‘सिलेक्ट इनपुट’ लाही २६ दिलं तर भलतंच वाचलं जातं.

२. ‘एडीसी फिफो सेटअप’. फिफो म्हणजे तयार सॅम्पल्स क्रमानं थांबतात ती छोटी रांग. याला पाच गोष्टी द्यायच्या: फिफो चालू, डीएमएची मागणी चालू, उंबरठा १, चूक दाखवणारा बिट बंद, ८ बिटांवर आणणं बंद. उंबरठा १ च हवा. एक सॅम्पल आलं की लगेच उचलायचं. फिफो फक्त चार सॅम्पल्सचा आहे, म्हणजे १ लाखाच्या वेगाला ४० मायक्रोसेकंदांची उसंत.

३. ‘एडीसी सेट क्लॉक डिव्ह’ ला ४७९. मूळ नावात ‘क्लॉक’ आखूड करून ‘सीएलके’ असं आहे, आणि ‘डिव्ह’ त्याला चिकटून येतो.

४. डीएमएचे दोन मोकळे चॅनल मागून घ्या. त्यांना अ आणि ब म्हणू. प्रत्येकाचं मूळ कॉन्फिगरेशन मागवलं की ते आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलटं येतं: वाचायचा पत्ता पुढे सरकणारा, लिहायचा स्थिर, आणि एका वेळी ३२ बिट. आपल्याला वाचायचा पत्ता स्थिर हवा, कारण एडीसीचा फिफो एकाच जागी बसलेला आहे. लिहायचा सरकता हवा, आणि आकार १६ बिट. मागणीचा स्रोत एडीसीचा ठेवा. तो विसरला तर डीएमए एडीसीची वाट न बघता अख्खा बफर काही मायक्रोसेकंदांत कचऱ्यानं भरून मोकळा होतो. शेवटी साखळी: अ संपला की ब सुरू, ब संपला की अ.

५. दोन्ही चॅनलना आपापल्या बफरचा पत्ता, फिफोचा पत्ता आणि १००० ही मोजणी द्या. मोजणी सॅम्पल्सची असते, बाइटची नाही. बफर मात्र प्रत्येकी २००० बाइटचा.

६. दोन्ही चॅनलचा इंटरप्ट एकाच हँडलरला (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) जोडा. हँडलरमध्ये कोण संपलं ते तपासायचं, त्याचा इंटरप्ट पुसायचा, त्याचा लिहायचा पत्ता परत बफरच्या सुरुवातीला न्यायचा, ‘हा बफर तयार’ अशी खूण करायची आणि बाहेर पडायचं. हिशेब, छपाई, काहीही तिथे नको. खुणेचं व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ असू द्या, म्हणजे ते दर वेळी मेमरीतून नव्यानं वाचलं जातं.

७. आधी चॅनल अ सुरू, मग ‘एडीसी रन’. उलट केलं तर डीएमए जागा होण्याआधी फिफो भरून वाहू शकतो.

सहावी पायरी एवढी सविस्तर लिहिली, कारण इथे हमखास ठेच लागते. चॅनल पुन्हा सुरू झाला की मोजणी आपोआप १००० वर येते, पण लिहायचा पत्ता येत नाही. तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. पत्ता मागे न्यायला विसरलात तर दुसऱ्या फेरीला डीएमए बफरच्या पलीकडची मेमरी भरायला लागतो. तिथे दुसरं काहीतरी असतं, आणि बोर्ड कुठल्या तरी असंबद्ध जागी गोठतो. पत्ता बसवताना ‘लगेच सुरू कर’ असं सांगणारा शेवटचा आर्ग्युमेंट ‘फॉल्स’ ठेवा. तो ‘ट्रू’ राहिला तर अ आणि ब एकाच वेळी धावतात, एकमेकांची सॅम्पल्स पळवतात, आणि दोन्ही बफरांत निम्मी-निम्मी लाट दिसते.

तपासणी

मुख्य लूपमध्ये बफर तयार झाला की त्यात पहिल्यांदा सिग्नल २०४८ च्या खालून वर कुठे गेला, तो क्रमांक शोधा आणि तेवढाच छापा. आलेख काढायची गरज नाही. दर १० मिलिसेकंदाला एक छोटा आकडा, म्हणजे ११५२०० बॉडलाही पुरेसा वेळ आहे. ३७, ३७, ३७ असं येत राहिलं तर सगळं ठीक. ३७ आणि ३८ मध्ये लोंबकळला तरी चालेल, गोंगाटामुळे तसं होतं. एकसारखा वाढत किंवा घटत गेला तर भाजक चुकलाय. बराच वेळ ३७ येऊन अचानक ५२ झाला आणि तिथेच राहिला, तर सॅम्पल्स गळली. अशा वेळी एडीसीच्या फिफोचा ‘ओव्हर’ बिट वाचा. तो १ असेल तर डीएमएला वेळेत उचलता आलं नाही.

हँडलरमध्ये एक मोजणीही वाढवत राहा. मुख्य लूपला मागच्या वेळी ४१ वा बफर मिळाला आणि आता ४३ वा, तर डीएमएचं काम चोख आहे, हिशेब करणारे तुम्ही मागे पडलात. बफर तुमच्या ताब्यात फक्त १० मिलिसेकंद असतो. तेवढ्यात काम उरकत नसेल तर बफर मोठा केल्यानं काही साधत नाही, कारण मोठ्या बफरला कामही तेवढंच जास्त. काम हलकं करावं लागतं.

हलकं करायचा पहिला उपाय म्हणजे फ्लोट टाळणं. आरपी२०४० च्या कॉर्टेक्स एम० प्लसमध्ये फ्लोटचं हार्डवेअर नाही, प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरमधून होतो. पूर्णांकात करा, पण मर्यादा मोजून. आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढताना मधला २०४८ वजा करून वर्गांची बेरीज केली तर १००० सॅम्पल्सना ती जास्तीत जास्त ४,१९,४३,०४,००० होते. चिन्हाशिवायच्या ३२ बिटांत बसते. बफर १०२४ चा केला तर सगळ्यात वाईट स्थितीत ती बरोबर दोनाचा बत्तिसावा घात होते, म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त एकानं जास्त, आणि उत्तर शून्य. हा बग महिनोन्‌महिने दडून बसू शकतो. बेरजेला सरळ ६४ बिट द्या.

इंटरप्टच वेळेवर आला नाही तर?

वरच्या रचनेत एक कच्चा दुवा आहे. अ संपल्यावर त्याचा पत्ता मागे न्यायला आपल्याकडे १० मिलिसेकंद आहेत. एरवी ते भरपूर. पण प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये काही साठवत असेल तर सेक्टर पुसताना इंटरप्ट बंद ठेवावे लागतात, आणि ४ केबीचा सेक्टर पुसायला १० मिलिसेकंदांच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. तेवढ्यात ब संपतो, साखळीनं अ परत सुरू होतो, जुन्याच पत्त्यावरून, आणि भलतीकडे लिहितो.

यावर पक्का उपाय म्हणजे पत्त्याला गोल फिरवणं. आरपी२०४० च्या डीएमएमध्ये लिहायच्या पत्त्यावर ‘रिंग’ लावता येते. रहाटगाडग्यासारखं, शेवटचं मडकं भरलं की पहिलं पुन्हा समोर येतं. हँडलरनं पत्ता हलवायची गरजच राहत नाही. यासाठी बफर दोनाच्या घाताइतका हवा: १०२४ सॅम्पल्स, २०४८ बाइट, रिंगला ११ बिट. कमाल मर्यादा ३२ केबी. बफरचा पत्ताही २०४८ च्या पटीत असायला हवा, म्हणून घोषणा करताना ‘अलाइन्ड २०४८’ लिहावंच लागतं. ते लिहिलं नाही तर पत्ता बफरच्या मधूनच मागे वळतो आणि बफरच्या आधीच्या मेमरीवर जातो. रिंग लावल्यावर इंटरप्ट उशिरा आला तर जुनी सॅम्पल्स वाया जातील, पण दुसऱ्याच्या मेमरीला हात लागणार नाही.

शिकताना आधी पत्ता हातानं मागे न्या, म्हणजे काय घडतं ते कळतं. कामाच्या उपकरणात रिंग लावा.

आणखी एक: थांबवताना आधी ‘एडीसी रन’ बंद करा, मग चॅनलचे इंटरप्ट आणि साखळी काढा, मग चॅनल रद्द करा, मग फिफो रिकामा करा. साखळी न काढता अ रद्द केला तर ब सुरू होऊन बसतो. इंटरप्ट न काढता रद्द केला तर या चिपमध्ये एक खोटा इंटरप्ट येऊ शकतो. तो चिपचाच माहीत असलेला दोष आहे, तुमचा नाही.

खोटी लाट बघायचा प्रयोग

हा जरूर करा. पीडब्ल्यूएमचा भाजक १ आणि रॅप १२६२ ठेवा. फ्रिक्वेन्सी ९८.९७ किलोहर्ट्झ होते. एडीसी १ लाखावरच राहू द्या. बफरमध्ये दिसेल सुमारे १.०३ किलोहर्ट्झची सुरेख त्रिकोणी लाट, जी तारेत नाहीच. यालाच एलियासिंग म्हणतात. एकदा सॅम्पल्स घेतली की कुठलंही सॉफ्टवेअर ही लाट खरी की खोटी ते सांगू शकत नाही.

आपला १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर १५.९ किलोहर्ट्झपासून कापायला लागतो, तरीही खोटी लाट ०.८ व्होल्टची येते. एका रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर भिंत नसतो, उतार असतो. ऑपअ‍ॅम्पसह दोन टप्प्यांचा फिल्टर लावा, किंवा ५ लाखांनी सॅम्पल्स घेऊन प्रोग्रॅममध्ये सरासरी करून खाली आणा. डीएमए असल्यावर दुसरा मार्ग जवळजवळ फुकट पडतो.

खरे सिग्नल

गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशाची मिरवणूक नोंदवायची असेल तर माइकचं मॉड्यूल बघून घ्या. एमएएक्स९८१४ स्वतःच आवाज कमी-जास्त करतो, त्यामुळे जवळचं पथक आणि कोपऱ्यावरचं पथक सारखंच येतं. तुलना करायची तर एमएएक्स४४६६ घ्या आणि मागचा छोटा स्क्रू फिरवून गेन कमी ठेवा. वाचनं ० आणि ४०९५ ला चिकटू लागली की कापलं जातंय. त्याचा आउटपुट आधीच मध्यावर बसवलेला असतो, म्हणून सरळ १ किलोओहममधून जोडता येतो.

मोबाइलच्या हेडफोनमधून सिग्नल देताना तसं नसतं. तो शून्याच्या खाली-वर जातो आणि एडीसीला शून्याखालचं व्होल्टेज चालत नाही. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ३.३ व्होल्ट (पिन ३६) आणि अ‍ॅनालॉग ग्राउंडमध्ये मालेत लावा, मध्यबिंदू १ किलोओहममधून पिन ३१ ला, आणि मोबाइलचा सिग्नल १० मायक्रोफॅरडमधून त्या मध्यबिंदूला. कपॅसिटरची धन बाजू मध्यबिंदूकडे. १० ऐवजी १०० किलोओहम लावू नका. एडीसीचा स्वतःचा भार १०० किलोओहमइतका असू शकतो, आणि मग मध्य जागेवर राहत नाही.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांत मोटरचं कंपन मोजायची मागणी पुष्कळ. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ. एडीएक्सएल३३५ (कंपन मोजायचा सेन्सर) चे तीन अक्ष तीन इनपुटांना जोडून ‘राउंड रॉबिन’ लावलं की एडीसी आळीपाळीनं तिघांना वाचतो. वेग तिघांत वाटला जातो: भाजक १५९९ म्हणजे एकूण ३०,०००, प्रत्येकी १०,०००. बफरची लांबी तिनाच्या पटीत ठेवा. १००० ठेवलीत तर दुसऱ्या बफरमध्ये एक्सच्या जागी वाय येईल, तिसऱ्यात झेड. ३००० घेतली तर १०० मिलिसेकंद होतात, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झच्या पाच पूर्ण लाटा. मग तिची गुणगुण हिशेबातून वेगळी काढणं सोपं जातं.

पण त्या मॉड्यूलवरचे कपॅसिटर आधी बघा. ते सहसा ०.१ मायक्रोफॅरडचे असतात, आणि त्यांच्यामुळे सेन्सर ५० हर्ट्झच्या वरचं कापतो. तिथे १०,००० नी सॅम्पल्स घेऊन बेअरिंगचा आवाज शोधणं म्हणजे झाकण लावलेल्या दुर्बिणीतून बघणं. ०.०१ मायक्रोफॅरड लावले की ५०० हर्ट्झपर्यंत जाता येतं. सेन्सरचा आउटपुट ३२ किलोओहमचा आहे, म्हणून मध्ये एमसीपी६००२ चा बफर (मेमरीचा नव्हे, सिग्नलला जोर देणारा टप्पा) हवाच.

आकडे किती खरे

पिकोच्या एडीसीतून प्रत्यक्षात पावणेनऊच्या आसपास बिट कामाचे मिळतात. बोर्डावरच्या रचनेमुळे ३० मिलिव्होल्टच्या जवळपास ऑफसेट (शून्य व्होल्टलाही दिसणारं वाचन) असतो. इनपुट अ‍ॅनालॉग ग्राउंडला जोडून तो मोजा आणि वजा करा. ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी चिपमधल्या दोषामुळे पायरी प्रमाणाबाहेर रुंद आहे, तिथे हिस्टोग्रॅममध्ये सुळके दिसले तर घाबरू नका. गोंगाट कमी करायला जीपीआयओ २३ हाय करा. बोर्डावरचा वीजपुरवठा कमी लहरी सोडणाऱ्या पद्धतीवर जातो. पिको डब्ल्यूवर ही पिन वायरलेस चिपकडे असल्यामुळे तिथे रस्ता वेगळा.

आठच बिट पुरणार असतील तर फिफोला ८ बिटांवर आणायला सांगा आणि डीएमएचा आकारही ८ करा. मेमरी निम्मी लागते. दोन्हीपैकी एकच बदललं तर कचरा येतो.

बाहेर पाठवणं

१ लाख सॅम्पल्स म्हणजे सेकंदाला २ लाख बाइट. ११५२०० बॉडच्या तारेतून सेकंदाला ११,५२० बाइट जातात, ९२१६०० नंही ९२,१६०. दोन्ही अपुरे. यूएसबीवरून पाठवता येतं, पण आकडे अक्षरांत छापून नव्हे, कच्चे बाइट म्हणून. किंवा एक लाख सॅम्पल्सचा एकच बफर रॅममध्ये घ्या, साखळी न लावता एका चॅनलनं एकदाच भरा, एक सेकंदाची नोंद झाली की निवांत पाठवा. ११५२०० नं सतरा-साडेसतरा सेकंद लागतील. बऱ्याच कामांना एवढं पुरतं.

एसटीएम३२ वर

तिथे दोन चॅनलची साखळी लागत नाही. डीएमए ‘सर्क्युलर’ ठेवला की एकच बफर गोल फिरतो, आणि निम्मा भरल्यावर एक व पूर्ण भरल्यावर एक असे दोन इंटरप्ट येतात. पहिला आला की पहिला अर्धा तुमचा, दुसरा आला की दुसरा. आकार ‘हाफ वर्ड’, मेमरीचा पत्ता सरकता, ठोका टायमरच्या ट्रिगरवरून. एफ१०३ च्या एडीसीचा क्लॉक १४ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नका. ७२ ला ६ नं भागून १२ ठेवतात.

क्यूबएमएक्समधून (एसटीएम३२ चं सुरुवातीचं कोड तयार करून देणारं साधन) निघालेल्या कोडमध्ये डीएमएची सुरुवात एडीसीच्या सुरुवातीआधी आहे का बघा. क्रम उलटा असेल तर काहीच येत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. एफ४ वर ‘डीएमए कंटिन्युअस रिक्वेस्ट्स’ चालू नसेल तर एक फेरी होऊन सगळं थांबतं. एफ४०७ ची सीसीएम रॅम आणि एच७ ची डीटीसीएम रॅम नेहमीच्या डीएमएला दिसतच नाही. बफर तिथे पडला तर तो शून्यच राहतो, लिंकर फाइलमध्ये त्याची जागा बदलावी लागते. एच७ वर डेटा कॅशही (रॅममधल्या आकड्यांची प्रोसेसरजवळची प्रत) असतो. डीएमएनं रॅममध्ये नवं लिहिलं तरी प्रोसेसर कॅशमधलं जुनंच वाचत राहतो, म्हणून प्रत्येक अर्धा बफर वाचण्याआधी तेवढा कॅश बाद करा, आणि बफर ३२ बाइटच्या पटीत, ३२ च्या सीमेवर ठेवा. नाहीतर शेजारचं व्हेरिएबलही त्याच्याबरोबर बाद होतं.